कोणासाठी वाजवला भोंगा?

सकाळी फोन वाजला आणि सुमनवहिनींचा आवाज आला, "वकीलसाहेब, हे गेले." माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कसे?" आयुष्यभर कोर्टात उलटतपासणी घेतलेल्या माणसाला दुःखाच्या आधी शंका येते, त्याला इलाज नाही. "झोपेत," वहिनी म्हणाल्या. "काही त्रास नाही, काही नाही. मी चहा घेऊन गेले तर..." मी रिसीव्हर ठेवला आणि तसाच बसून राहिलो. डॉक्टर वामनराव पराते असे कुणाला कसलीच चाहूल न देता निघून जातील हे मला पटेना. या माणसानं आम्हाला कितीदा वेळेआधी, नको तितकं आधी, सावध केलं होतं. स्वतःच्या बाबतीत त्याला काहीच कळलं नसेल? की कळलं होतं आणि सांगितलं नाही? या दुसऱ्या शक्यतेवर माझा जास्त भरवसा आहे. न सांगण्याची त्यांना सवयच होती, आणि त्या सवयीपायी मी त्यांच्यावर कितीतरी वर्षं संशय घेतला.

डॉक्टरांचं मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. मुलगा शिकला, डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि नागपुरात इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या गर्दीत त्यानं दवाखाना टाकला. वर घर, खाली दवाखाना. अशा माणसाचा आणि गोल्फचा संबंध काय, असा प्रश्न नागपुरात त्या वेळी बऱ्याच जणांना पडायचा. एका कापड गिरणीच्या मॅनेजरच्या डोळ्यांवर त्यांनी उपचार केले होते. बरं वाटल्यावर त्या गृहस्थांनी त्यांना एका रविवारी गोल्फच्या मैदानावर नेलं, हातात काठी दिली, आणि डॉक्टर तिथलेच झाले. मी त्याच सुमारास तिथे जाऊ लागलो होतो. आम्ही दोघंही त्या साहेबी वातावरणात थोडे उपरे. म्हणूनच बहुधा आमची जोडी जमली. "काहून गा वकील, आज पुन्हा कोर्टातच मारला का चेंडू?" असं ते माझा चेंडू झुडपात गेला की म्हणायचे. दवाखान्यात रोग्यांशी शुद्ध बोलणारा हा माणूस मैदानावर आला की उमरेडचा होऊन जायचा.

आमचं मैदान म्हणजे शहराच्या पश्चिमेला उंचसखल माळ. हिरवळ फक्त पावसाळ्यात. चेंडू ज्या भोकात घालायचा त्या होलभोवती इतर शहरांत गवत कापून मखमल करतात, तिथे आमच्याकडे वाळूत तेल कालवून थापलेला तपकिरी गोल असायचा. पण आमचा संघ होता, आणि हिवाळा सरता सरता दरवर्षी जबलपूरशी सामना व्हायचा, एका वर्षी ते यायचे, एका वर्षी आम्ही तिकडे जायचो. खेळ जोडीविरुद्ध जोडी. ज्या बाजूच्या जास्त जोड्या जिंकतील ती बाजू ढाल घेऊन जाणार. ज्यांनी विदर्भातला फेब्रुवारी-मार्च पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की याच दिवसांत आमच्याकडे आभाळ दगा देतं. सकाळी लख्ख ऊन, दुपारी कुठूनसा वारा सुटतो, धूळ उठते आणि विजा, गारा, सगळं एकदम अंगावर येतं. उघड्या माळावर हातात लोखंडी काठी घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे विजेला आवतणच. म्हणून नियम असा, की खेळ थांबवायचा तो यजमान संघाच्या कॅप्टननं. आमचे कॅप्टन होते डॉक्टर. त्यांच्याकडे एका जुन्या मोटारीचा रबरी फुग्याचा भोंगा होता. तो त्यांनी वाजवला, की सगळ्यांनी काठ्या टाकून व्हरांड्यात यायचं.

पहिल्यांदा मला शंका आली ती जबलपूरविरुद्धच्याच एका सामन्यात. आम्ही सपाटून मार खात होतो. फुटाळा तलावाच्या बाजूला एक ढग होता, फार काळाही नव्हता. डॉक्टरांनी माझ्याबरोबर चालता चालता मान वर केली, थांबले, कान दिला आणि भोंगा वाजवला. सगळे कुरकुरत व्हरांड्यात आले. सर येऊन गेली. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा आमचे ते तपकिरी गोल भिजून जड झाले होते. भिजल्या वाळूवर चेंडू किती सरकतो हे आम्हाला घरचं ठाऊक, पाहुण्यांना नाही. आम्ही तो सामना काढला. जबलपूरचे कॅप्टन मेजर बक्षी, उमदा माणूस, हात मिळवताना हसत म्हणाले, "डॉक्टर साहब, बादल भी आप ही की टीम में है क्या?" सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चहाचा कप उचलून बाजूला गेले. खोटा आरोप झाला की माणूस उसळतो, हा माझा कोर्टातला अनुभव. हे उसळले नाहीत.

तेव्हापासून मी त्यांच्यावर नजर ठेवली. आमचा संघ हरायला लागला की भोंगा हमखास वाजायचा. रायपूरचे आले तेव्हा वाजला. कामठीच्या छावणीतले अधिकारी आले तेव्हा वाजला. कधी पाऊस यायचा, कधी नुसता वारा येऊन जायचा. आमच्या संघातले सगळ्यांत चांगले खेळाडू विश्वासराव देशमुख. काटोलकडचे मोठे संत्रा बागायतदार, उंचपुरे, आवाज असा की अर्ध्या माळाला ऐकू जावा. ते तर उघडच म्हणायचे, "डॉक्टर, तुमचा ढग मोठा कामाचा आहे गा! सांभाळून ठेवा त्याले." ही शाबासकी होती. लबाडी आपल्या फायद्याची असली की तिला कोणी लबाडी म्हणत नाही. डॉक्टर त्यावरही काही बोलायचे नाहीत. मला त्यांचं ते न बोलणं खुपत राहिलं.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो सामना आला. त्या वर्षी चक्क आम्ही जिंकत होतो. बाकीच्या जोड्यांचा हिशेब बरोबरीत होता आणि सगळा सामना देशमुखांच्या जोडीवर येऊन ठेपला होता. समोर मेजर बक्षी. देशमुखांचा चेंडू होलपासून दोन-तीन पावलांवर. तो आत गेला, की ढाल आमची. दुपार कलली होती, देशमुखांच्या पाठीवर ऊन होतं. देशमुखांनी काठी चेंडूमागे टेकवली... आणि भोंगा वाजला.

आम्ही सगळ्यांनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं. ते उत्तरेकडे बोट दाखवत होते. तिथे क्षितिजाशी थोडं करडं काहीतरी होतं, आणि एक गुरगुर मलाही ऐकू आली, पण ती लांबची. देशमुख ओरडले, "एवढा एक मारू द्या ना!" डॉक्टर म्हणाले, "नाही. काठी खाली ठेवा, विश्वासराव. आत्ता." आणि पुन्हा भोंगा. व्हरांड्यात आम्ही बसून राहिलो. वारा आला, धुळीनं डोळे भरले, उत्तरेकडे विजा नाचताना दिसल्या. पण आमच्या माळावर थेंब पडला नाही. सगळं निवळेपर्यंत उजेड गेला. उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळी कोवळ्या उन्हाच्या तिरिपीत देशमुख त्याच चेंडूमागे उभे राहिले, बराच वेळ उभे राहिले, आणि त्यांनी तो होलपासून हातभर बाजूला मारला. पोरानंही मारला नसता असा. पुढचे दोन होलही घालवले. ढाल जबलपूरला गेली.

व्हरांड्यात सगळ्यांदेखत देशमुखांनी विचारलं, "डॉक्टर, काहून वाजवला भोंगा? कोणासाठी वाजवला?" डॉक्टर काठ्यांची पिशवी उचलून पायऱ्या उतरले. मग कुजबुज सुरू झाली. आदल्या संध्याकाळी डॉक्टर मेजर बक्षींना भेटायला सीताबर्डीतल्या त्यांच्या हॉटेलात गेले होते, हे कोणीतरी पाहिलं होतं. डॉक्टरांचा मुलगा सुभाष त्या वेळी फौजेत भरती होण्याच्या खटपटीत होता, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. मेजरचा शब्द कामी येणार नाही का? दोन ठिपके मिळाले, की रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो... आणि खरं सांगायचं तर मलाही ती रेघ सरळच दिसत होती. हरताना वाजवायचा तेव्हा संघासाठी, जिंकताना वाजवला तो पोरासाठी.

मंडळींनी चौकशीचं काम माझ्यावर सोपवलं. वकील, शिवाय डॉक्टरांचा जोडीदार. मी इतवारीत गेलो तेव्हा दवाखाना नुकता रिकामा झाला होता. डॉक्टर हात धूत होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "वीज दिसली, गडगड ऐकू आली, का मी भोंगा वाजवतो. कोण जिंकून राहिलं ते मी पाहत नाही."

"पण डॉक्टर, एवढी वर्षं तो नेमका आपण हरतानाच कसा वाजला?"

त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसले. "वकील, आपण हरत नव्हतो असा सामना कोणता होता ते सांगा मले."

खरंच, आमचा संघ इतका सुमार होता, की कधीही भोंगा वाजवला तरी आम्ही हरतच असणार. पण बिनतोड उत्तर देणाऱ्या साक्षीदाराचा मला जास्तच संशय येतो. मी म्हटलं, "बरं. मेजरांकडे काय काम होतं?" "होतं थोडं." "सुभाषचं?" त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही थांबवलं नसतं, तर देशमुखांनी तो चेंडू संध्याकाळीच घातला असता. मानता?" डॉक्टर खिडकीतून बाहेरच्या गल्लीकडे पाहू लागले. भांड्यांच्या हातगाड्या जात होत्या. काहीतरी सांगावं असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते गिळलं, हे मी त्यांच्या गळ्यावरून ओळखलं. मग म्हणाले, "घातला असता... कदाचित." एवढंच. मी ते कबुलीजबाब म्हणून घेतलं. मंडळींना तसं सांगितलं. डॉक्टरांचं कॅप्टनपद गेलं, संघातली जागाही गेली, भोंगा देशमुखांकडे आला. सुभाषची फौजेत निवड झाली नाही, तो पुढे नोकरीला लागला. त्यावर आमच्यातल्या एकानं म्हटलं, "म्हणजे सौदा फसला." संशयाचं असंच असतं. होकारानं वाढतो, नकारानंही वाढतो.

संघातून वगळल्यावर डॉक्टर मैदानावर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पण ते येत राहिले. पुढच्या वर्षी जबलपूर पुन्हा आमच्याकडेच आलं, कारण ढाल परत मिळवायची म्हणून देशमुखांनी तसं ठरवून घेतलं होतं. डॉक्टर पांढरा सदरा, पांढरी पँट घालून प्रेक्षक म्हणून आले आणि एका बाजूनं एकटेच चालत राहिले. त्या दिवशीही सगळं बरोबरीत. दुपारी वारा पडला. असा वारा पडला की पाचोळाही हलेना, आणि नैर्ऋत्येकडून जांभळं-काळं आभाळ चढू लागलं. या वेळी मलाही दिसलं, मलाही ऐकू आलं. मी देशमुखांना म्हटलं, "भोंगा?" ते म्हणाले, "मी पराते नाही. पाणी आलं तर थांबू." मेजर बक्षीही खांदे उडवून पुढे चालू लागले. मागे हटणारा घाबरट ठरला असता, आणि तशी तयारी दोघांचीही नव्हती.

आम्ही पुढच्या होलपाशी पोचलो तर तिथे डॉक्टर. ते त्या तेलकट तपकिरी गोलाच्या मधोमध गेले, होलातली निशाणाची काठी उपसून त्यांनी लांब फेकली आणि नेमके होलावर मांडी घालून बसले. पांढऱ्या पँटला तेल लागत होतं. "हे काय चाललंय?" देशमुख कडाडले. "उठा!"

"नाही उठत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही भोंगा वाजवा, मी उठतो."

"आता कोणासाठी? पुन्हा त्यांच्यासाठीच ना?" देशमुखांनी मेजरांकडे हात केला. गंमत अशी, की त्याच वेळी मेजर बक्षी त्यांच्या जोडीदाराला म्हणत होते, "देखा? हम यहाँ आगे निकलने वाले थे." दोन्ही बाजूंना तो माणूस दुसऱ्या बाजूचा वाटत होता. आणि मी, त्यांचा जुना जोडीदार, मध्ये उभा राहून विचार करत होतो, की याचा यात नक्की काय फायदा? फायदा सापडेना. त्यानं माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. देशमुख पुढे झाले, त्यांनी डॉक्टरांचा दंड धरला. ओढून काढणारच होते. तेवढ्यात डॉक्टरांनी मान वर करून हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. एखाद-दोन वाक्यं असतील. देशमुखांचा हात सुटला. एवढा दांडगा गडी, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते वळले, पिशवीतून भोंगा काढला आणि वाजवत सुटले. सगळा माळ पळत व्हरांड्याकडे निघाला. डॉक्टर सर्वांत शेवटी आले. आम्ही छपराखाली पोचतो न पोचतो तोच गारा कोसळल्या, मोटारींच्या काचा फुटल्या, विजांनी डोळे दिपले. पण आमच्या मैदानावर वीज पडली नाही. त्या दिवशी नाही, आणि मला माहीत आहे तोवर कधीच नाही. डॉक्टरांच्या बाजूनं निसर्गानंसुद्धा साक्ष दिली नाही. ज्याच्यामुळे काही घडत नाही, त्याच्याकडे पुरावा कुठून येणार?

माझ्या डोक्यात मात्र एकच किडा. डॉक्टरांनी देशमुखांना काय सांगितलं? कसली धमकी दिली? देशमुखांचं त्या वेळी भाऊबंदांशी जमिनीच्या वाटणीवरून भांडण चाललं होतं. त्यातलं काही डॉक्टरांच्या हाती लागलं असेल का? मी एकदा डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, "सोडा ना गा वकील." देशमुखांना विचारलं, त्यांनी विषय बदलला. त्याच साली देशमुखांनी गुडघ्याचं कारण सांगून खेळ सोडला. डॉक्टर पुन्हा माझे जोडीदार झाले, आम्ही पुन्हा हरू लागलो, आणि भोंगा नव्या कॅप्टनकडे असला तरी आभाळ भरून आलं, की सगळे मुकाट डॉक्टरांकडे पाहायचे. मीही पाहायचो. पण त्यांच्याशी बोलताना माझ्या मनाचा एक कोपरा कायम राखूनच असायचा. त्यांना ते कळत होतं, याची मला खात्री आहे.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला इतवारीत गेलो. खाली दवाखान्यातल्या बाकावर विश्वासराव देशमुख बसले होते. कितीतरी वर्षांनी भेटलो. वाकलेले, डोळ्यांवर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड भिंगांचा चष्मा. वहिनी वर चहा करायला गेल्या. मग देशमुखच म्हणाले, "वकील, तुमचा तो प्रश्न राहूनच गेला आहे. विचारा."

"काय म्हणाले होते ते तुम्हाला?"

देशमुखांनी चष्मा काढला. "मले म्हणाले, 'विश्वासराव, एक डाव डोयांवर निभावलं. दुसऱ्या डावी माह्या हातात काही राहणार नाही.'"

मला अर्थ लागेना. मग त्यांनी सांगितलं. त्या हरलेल्या सामन्याच्या वर्षभर आधी काटोलच्या बागेत ते एकटे असताना शेजारच्या झाडावर वीज पडली होती. ते फेकले गेले, थोडं भाजलं, उठून घरी आले, आणि त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुढे काही महिन्यांनी दिसायला धुरकट लागलं. चाळिशीही उलटली नव्हती. डॉक्टरांकडे गेले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. विजेच्या धक्क्यानं तसं होतं म्हणे. "मी त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, हे बाहेर जाऊ देऊ नका. भाऊबंद टपून होते. आंधळा झाला, याले जमीन काय करायची, असं झालं असतं. डॉक्टर म्हणाले, नाही जाणार." सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांना चेंडू दिसतच नव्हता. संध्याकाळी, ऊन पाठीशी असताना, घातला असता... कदाचित. "आणि सगळ्यांनी डॉक्टरले धरलं. मी बोललो असतो, तर माझे डोळे उघडे पडले असते. मग मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो." खेळ सोडल्यावर डॉक्टरांनीच एकेक करून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं.

मी वकील आहे. ऐकलेलं लगेच खरं मानत नाही. मी त्यांना विजेचं साल विचारलं, ऑपरेशनचं विचारलं, दोन-तीन प्रश्न उलटे फिरवून विचारले. सगळं जुळलं. फक्त डॉक्टर मेजर बक्षींना त्या संध्याकाळी का भेटले, ते देशमुखांनाही माहीत नव्हतं. कदाचित सुभाषसाठीच गेले असतील. बाप होते ते. गेले असले तरी भोंगा त्यासाठी वाजवला नव्हता, एवढं आता मी मानतो.

"हे लिहू का मी?" मी विचारलं. देशमुखांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते भिंतीकडे पाहत बसले.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली. हातात पिशवी, एका डोळ्यावर मळकी पट्टी. "डाक्टर हायेत का जी? उमरेडून आली मी." वहिनी चहा घेऊन जिन्यात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. मग खाली येऊन त्यांनी म्हातारीला बाकावर बसवलं, स्वतःच्या वाटणीचा कप तिच्या हातात दिला. ती चहा प्यायल्यावर हळूच सांगितलं. नंतर मला म्हणाल्या, "रोज कोणी ना कोणी येऊन राहिलं. आधी बसवते. एकदम नाही सांगत." म्हातारी पदर तोंडाला लावून बसली. "अवो माय... आता माहा डोया कोन पाहीन वं?"

देशमुख बाकावरून तिच्याकडे सरकले. तो अर्ध्या माळाला ऐकू जाणारा आवाज पार खाली आला होता, तरी गल्लीतल्या हातगाडीवाल्यानं वळून पाहिलं. "माझेही डोळे यांनीच केले, बाई," ते म्हणाले. "दोन्ही. वीज पडली होती माझ्यावर. पाह्य, मी तुले दिसून राहिलो तशीच तू मले दिसून राहिली. चल, मी नेतो तुले दुसऱ्या डॉक्टरकडे." ते उठले, तिची पिशवी घेतली, तिच्या खांद्याला हात लावून उंबरा ओलांडला. मग दारातून मागे वळून मला म्हणाले, "लिहा, वकील. माझं नाव घालून लिहा."